शेवटच्या आळ्यापर्यंत

फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळचे साडेपाच. गुहागरच्या वरचा पाट नावाच्या वस्तीतली नारळी-पोफळीची वाडी, आणि शिंपणं चाललेलं. विहिरीवरचा पंप एका लयीत घुमत होता, पाटातल्या पाण्याच्या तोंडी वाळकी पानं आणि फेस पुढे पुढे सरकत होता, आणि तापलेल्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूवर, पहिलं पाणी पडलं की येतो तो ओला, किंचित आंबूस वास वाडीभर पसरला होता. काका पंचा वर खोचून, अनवाणी, हातात फावडं घेऊन पाटाच्या कडेला उभे होते. मागच्या पडवीच्या कठड्यावर काकूंनी फोन टेकवून ठेवलेला आणि त्यात त्यांची लेक. ती यॉर्कशायरला असते. तिकडे दुपारचे बारा वाजले होते, तरी अंगात दोन स्वेटर. सांगत होती, "बाबा, खालच्या हॉलमध्ये २४ आहे, घाम फुटतो. आणि पिल्लाच्या खोलीत १५ च्या वर काटा जात नाही. बॉयलर वाढवला, थर्मोस्टॅट वाढवला. वाढलं ते गॅसचं बिल." काकांनी पाटावरची नजर न काढता विचारलं, "त्या भिंतीवरच्या पेट्यांतून पाणीच फिरतं ना तुमच्या? मग पुढची तोंडं आवळ की, अगो. पुढचं आवळल्याशिवाय मागे जाईल कसं?" ती हसली. "बाबा, ही वाडी नव्हे," म्हणाली. मग बोलणं नातीच्या दातांकडे वळलं आणि थोड्या वेळाने फोन ठेवला गेला.

ते वाक्य मात्र तिथेच लोंबकळत राहिलं.

कारण काका अगदी बरोबर होते. भिंतीवरच्या त्या पेट्या म्हणजे रेडिएटर; त्यांनी तो कधी हात लावून पाहिलेला नाही. कोकणात घर गरम करावं लागतं हीच कल्पना त्यांना परकी. इथे सगळा खटाटोप उलट दिशेचा. पण पाणी एका जागेहून अनेक तोंडांत वाटायचं म्हणजे काय, हे त्यांच्या पायांच्या तळव्यांना ठाऊक आहे. आणि गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या घरात एक खोली भट्टी आणि दुसरी बर्फ होते, तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा दुखणं उष्णतेचं नसतंच. ते वाटणीचं असतं. लेक दोन हिवाळे उगमाशी झगडत होती, आणि उपाय पाटाच्या पहिल्या तोंडाशी होता. तो तिला हसण्यावारी नेण्याजोगा वाटला याची हळहळ वाटते, कारण त्यात तिच्या बाळाची खोली थंड राहत होती.

गुहागरातल्या वाड्यांची रचना बहुतेक सारखी. रस्त्याला लागून घर, घरामागे विहीर, विहिरीपासून पश्चिमेला समुद्राकडे लांबत गेलेल्या पोफळींच्या रांगा आणि शेवटी सुरूची झाडं. पोफळी साधारण नऊ-नऊ फुटांवर, प्रत्येकीला आळं. पूर्वी रहाटाचं पाणी यायचं, आता पंपाचं येतं, पण पाट त्याच वाटेने जातो. सगळी तोंडं मोकळी ठेवून पंप चालू केला तर काय होतं ते बघण्यासारखं असतं. विहिरीजवळच्या आठ-दहा आळ्यांत पाणी धो-धो शिरतं, आळं भरून काठावरून सांडतं, तरी शिरतच राहतं, कारण खाली पुळण आहे आणि पुळण पाणी गिळते. ते जास्तीचं पाणी मुळांच्याही खाली निघून जातं. त्या झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि तिकडे सुरूच्या बाजूच्या रांगेत पाटाची जीभ नुसती ओली होऊन थांबते. अशा वेळी नवखा माणूस पंप आणखी तासभर चालवतो. जाणता माणूस जवळच्या तोंडाशी जातो, तिथे नारळाचं सोडण, म्हणजे वरची जाड साल, आडवं लावतो, वर चिखलाचा गोळा दाबतो, आणि चार बोटांची फट ठेवतो. मग पुढच्या तोंडाशी, मग त्याच्या पुढच्या. फट दर ठिकाणी थोडी मोठी होत जाते. शेवटच्या आळ्याचं तोंड सताड उघडं असतं.

त्या घरात नेमकं हेच चाललेलं होतं, पाटाच्या जागी तांब्याचे नळ एवढाच फरक. बॉयलर पाणी तापवतो, पंप ते ढकलतो. एक नळ गरम पाणी नेणारा, एक निवलेलं पाणी परत आणणारा, आणि प्रत्येक रेडिएटर या दोन नळांच्या मध्ये शिडीच्या पायरीसारखा जोडलेला. पंपाच्या जवळच्या पायरीशी दाबाचा फरक सगळ्यांत जास्त. तिथून पाण्याला परतीची वाट सोपी आणि आखूड. म्हणून बहुतेक पाणी तिथूनच वळून माघारी येतं. ज्या घरात गच्चीवर टाकी आहे तिथे हे रोज दिसतं: खालच्या न्हाणीघरातला नळ कोणी सताड सोडला की माडीवरच्या नळाची धार करंगळीएवढी होते. टाकी तीच, पाणी तेवढंच. टाकी उंच करणं हा एक उपाय झाला खरा, पण खालचा नळ थोडा आवळणं हा पाच पैशांचा उपाय त्याआधी सुचायला हवा.

आणि त्यावर थर्मोस्टॅटची गंमत बघा. ब्रिटनमधल्या पुष्कळ घरांत खोलीचा थर्मोस्टॅट हॉलमध्ये असतो, आणि हॉलचा रेडिएटर बहुधा बॉयलरच्या जवळचा. हॉल वीस मिनिटांत तापतो, थर्मोस्टॅट समजतो की घर तापलं, आणि बॉयलर बंद करतो. मागच्या खोलीत तोवर पाणी नीट पोचलेलंही नसतं. म्हणून माणूस थर्मोस्टॅट २० वरून २२ वर नेतो, मग २४ वर. बॉयलर जास्त वेळ चालतो, हॉलमध्ये उकडतं, खिडकी उघडली जाते, आणि मागची खोली दीड-दोन अंशांनी सरकते. लेकीच्या तक्रारीतलं एकेक वाक्य या साखळीतली एकेक कडी होती.

मग हे घर आधी नीट चालत होतं ते बिघडलं कशाने? त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण रंगकाम. रेडिएटरच्या मागची भिंत रंगवायला रेडिएटर काढावा लागतो. त्याला दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह. एक हाताने फिरवायचा किंवा आकडे लिहिलेल्या डोक्याचा. दुसरा गुळगुळीत टोपीखाली लपलेला, ज्याला लॉकशील्ड म्हणतात. घराची वाटणी या टोपीखाली राखलेली असते. कोणा जाणत्या हाताने कधीतरी तो अर्ध्या फेऱ्यावर ठेवलेला असतो. रंगारी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करतो, रेडिएटर उतरवतो, रंग वाळल्यावर चढवतो आणि दोन्ही पूर्ण उघडून मोकळा होतो. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं. पण पाटाच्या तोंडाशी लावलेली सगळी सोडणं त्याने एका दुपारी उपटून टाकलेली असतात. बंद करताना किती फेरे फिरले ते मोजून रेडिएटरच्या मागे पेन्सिलीने लिहिलं असतं, तर काही बिघडलं नसतं. घराला रंग द्यायचा असेल तर हे एक वाक्य रंगाऱ्याला आधी सांगून ठेवावं.

वाटणीला हात घालण्याआधी पाट साफ आहे का ते बघावं लागतं, आणि इथे घाई करणाऱ्याची सगळी मेहनत वाया जाते. रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकली आहे. वरच्या कोपऱ्यातला छोटा चौकोनी खिळा चावीने अर्धा फेरा ढिला करायचा, फुस्स करून हवा जाते, पाण्याचा थेंब दिसला की लगेच बंद. खाली फडकं धरावं, कारण येणारं पाणी काळं असतं आणि गालिच्यावरून जात नाही. हवा काढल्यावर दाब उतरतो, तेव्हा बॉयलरवरचा काटा बघून गार असताना तो १ ते १.५ बारच्या मध्ये आणावा. उलट रेडिएटर वर गरम आणि तळाला मध्यभागी गार असेल तर तो गाळ आहे: लोखंड गंजून झालेला काळा, बारीक, चुंबकाला चिकटणारा चिखल. तो धुऊन काढल्याशिवाय व्हॉल्व्ह कितीही फिरवा, पाटात दगड असताना फावडं चालवल्यासारखं होतं. आणि पूर्ण रेडिएटरच थंडगार असेल, दोन्ही नळांसकट, तर आकड्यांच्या डोक्याखालची पिन अडकली असण्याची शक्यता मोठी. उन्हाळाभर बंद राहून ती खाली रुतून बसते. डोकं काढून पिन बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबून सोडायची. दाबली की आत जायला हवी, सोडली की वर यायला हवी. पक्कडीने उपटू नये. ती हातात आली तर मागोमाग गरम पाण्याची चिळकांडी येते.

एवढं झालं की मग खरं काम. त्याला एक अख्खी सुटीची सकाळ हवी, एक लहान पाना, एक पेचकस, कागद-पेन्सिल आणि नळाला चिमट्याने लागणारे दोन तापमापक. लेसरचा ठिपका टाकणारं तापमापक चालेल, पण चकचकीत तांब्यावर किंवा क्रोमवर ते साफ खोटं सांगतं, खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी दाखवतं. म्हणून जिथे मोजायचं तिथे नळाला काळ्या इन्शुलेशन टेपचा वेढा द्यावा आणि टेपवर नेम धरावा. आधी हीटिंग बंद करून घर निवू द्यायचं, नळ हाताला गार लागेपर्यंत. मग सगळ्या रेडिएटरांची आकड्यांची डोकी काढून ठेवायची, म्हणजे ती मध्येच स्वतःहून बंद होणार नाहीत. टोपीखालचे सगळे व्हॉल्व्ह आधी पूर्ण बंद करून फेरे मोजायचे, आत्ताची स्थिती लिहून ठेवायची आणि मग सगळे पूर्ण उघडायचे. आता हीटिंग चालू, आणि घरभर फिरायचं. कुठला रेडिएटर पहिला कोमट झाला, कुठला दुसरा, कुठला शेवटचा, हा क्रम कागदावर. या कामात नकाशापेक्षा हाताचा तळवा जास्त विश्वासाचा, कारण भिंतीच्या आत नळ कुठून कसे नेलेत हे बाहेरून कळत नाही. जिन्याखालचा रेडिएटर जवळ दिसतो आणि पाण्याच्या हिशोबात सगळ्यांत लांब निघतो.

क्रम मिळाला की पुन्हा सगळं गार होऊ द्यायचं. मग पुन्हा चालू करून पहिल्या रेडिएटरपाशी बसायचं. त्याची टोपी काढून व्हॉल्व्ह पूर्ण बंद, आणि मग पाव फेरा उघडा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हे थांबणं टाळता येत नाही. लोखंडाला आणि पाण्याला त्यांचा वेळ द्यावा लागतो. आत येणाऱ्या नळाचं तापमान बघायचं, बाहेर जाणाऱ्याचं बघायचं. जुन्या पद्धतीच्या बॉयलरला या दोहोंत ११-१२ अंशांचा फरक धरतात. नव्या, वाफेतली उष्णताही पकडणाऱ्या बॉयलरला २० पर्यंत. फरक कमी असेल तर पाणी रेडिएटरमधून पळत पळत जातंय, आणखी आवळायचं. फरक जास्त असेल तर ते आत रेंगाळतंय, जरासं उघडायचं. जमलं की फेरे लिहायचे आणि दुसऱ्याकडे. असं करत शेवटच्या रेडिएटरशी येतो तेव्हा त्याचा व्हॉल्व्ह बहुतेक पूर्ण उघडाच ठेवावा लागतो. मग पहिल्याकडे परत. कारण मधल्या काळात बाकीची तोंडं आवळली गेली, ते पाणी कुठेतरी गेलंच, पहिल्याचा फरक बदललेला असतो. एक फेरी पुरत नाही, दोन लागतात, कधी तीन. वाडीतही पहिलं शिंपणं तासाभराने पुन्हा बघावंच लागतं.

या सगळ्यात माणूस फसतो तो एका ठिकाणी. व्हॉल्व्ह पूर्ण चार फेरे उघडा आहे, तो दोनवर आणला तर पाणी अर्धं होईल असं वाटतं. होत नाही. चारवरून दोनवर, दोनवरून दीडवर येईतो प्रवाहात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. खरा खेळ शेवटच्या एका फेऱ्यात, आणि जवळच्या रेडिएटरला तर शेवटच्या पाव-अर्ध्या फेऱ्यात. म्हणून "मी सगळे थोडे थोडे आवळून पाहिले, काही झालं नाही" असं पुष्कळ जण म्हणतात, आणि खरंच सांगत असतात. सोडण फुटभर उघड्या तोंडात कुठेही धरा, पाणी त्याच्या बाजूने निघून जातं. चार बोटांची फट राहिली की मग एकेका बोटाला किंमत येते.

आवळायला हात धजावत नाही त्याचं दुसरं कारण भीती. हॉल गार पडला तर? इथे एक हिशोब मला फार आवडतो, आणि तो मनाला पटायला वेळ लागतो. नीट वाटणी झालेल्या रेडिएटरला मिळणारं पाणी निम्मं केलं, तर त्याची उष्णता निम्मी होत नाही; ती साधारण १०-१२ टक्क्यांनीच घटते. कारण पाणी हळू जातं, आत जास्त वेळ राहतं, जास्त निवून बाहेर पडतं. आणि पाणी दुप्पट केलं तर मिळकत जेमतेम ६-७ टक्क्यांची. म्हणजे जवळचा रेडिएटर वाजवीपेक्षा दुप्पट पाणी ओढतो तेव्हा त्याच्या पदरात जवळजवळ काही पडत नाही, आणि ज्याच्या वाटचं ते गेलं तो मात्र उपाशी राहतो. काठावरून सांडून पुळणीत मुरणारं, मुळांच्या खाली निघून गेलेलं पाणी ते हेच. एका साध्या झोपायच्या खोलीच्या १ किलोवॉटच्या रेडिएटरला ११ अंशांच्या फरकाने मिनिटाला सव्वा लिटरहून थोडं जास्त पाणी पुरतं. २० अंशांच्या फरकाने पाऊण लिटरही नको. म्हणजे मिनिटाला एक मोठा तांब्या, किंवा तोही पूर्ण नाही. इतक्याशा धारेसाठी घर गारठत असतं.

मिनिटाला एक तांब्या.

यातूनच एक गोष्ट कळते, की आवळल्यामुळे हॉल एकदम गार होणार नाही. तो जास्त तापत होता तो थर्मोस्टॅट वर चढवल्यामुळे. मागच्या खोलीत पाणी पोचायला लागलं की थर्मोस्टॅट पुन्हा २० वर आणता येतो, आणि हॉलचं उकडणं तिथे थांबतं. आकड्यांच्या डोक्यांचं काम याच्यानंतरचं. त्या डोक्यात मेण किंवा द्रव असतो, खोली तापली की तो फुगून पिन दाबतो आणि पाणी कमी करतो. फार उपयोगी वस्तू. पण ती फक्त कमी करू शकते. जे पाणी त्या नळात येतच नाही ते आणू शकत नाही. सकाळी घर गार असतं तेव्हा सगळी डोकी पूर्ण उघडी असतात, आणि त्या पहिल्या तासात वाटणी पुन्हा जवळच्याच्या बाजूने झुकते. बाळाला उठवायची वेळ नेमकी तीच. शिवाय डोक्यावर पडदा लोंबत असेल किंवा पलंगाची उशी टेकली असेल तर ते आपल्याच उबेने फसून लवकर बंद होतं. आणि ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे तिथे असं डोकं लावूच नये, नाहीतर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात: डोकं पाणी तोडतं, खोली थर्मोस्टॅटच्या आकड्यापर्यंत कधी पोचत नाही, बॉयलर जळत राहतो.

गॅसचं बिल वाढलं त्याचाही धागा इथेच आहे. नव्या बॉयलरची सगळी मातब्बरी त्याच्या धुरातली वाफ पकडण्यात असते, आणि ती वाफ तेव्हाच पाणी होते जेव्हा परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असतं. जवळच्या रेडिएटरमधून पळत आलेलं, न निवलेलं पाणी ६५ ने परत येत असेल तर बॉयलर बाहेरच्या पांढऱ्या धुरावाटे पैसे सोडत राहतो. न्हाणीघरातला टॉवेल वाळवायचा नळ्यांचा रॅक या बाबतीत मोठा लबाड. दिसायला किरकोळ, पण त्यातून पाणी अडथळ्याशिवाय पार होतं, आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. घरात एक कोरडा टॉवेल आणि एक गार खोली असेल तर आधी त्या रॅकची टोपी काढून बघावी. मात्र काही घरांत तो रॅक मुद्दाम नेहमी उघडा ठेवलेला असतो, सगळी डोकी बंद झाली तरी पंपाला एक वाट राहावी म्हणून. तो पूर्ण बंद करू नये, आवळावा.

हे करताना जपायच्या जागाही आहेत. वीस वर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह पहिल्यांदा फिरवला की दांड्याच्या बुडाशी पाणी झिरपतं. त्याचा पॅकिंगचा नट पान्याने हलकेच, फेऱ्याचा आठवा भाग, आवळला की बहुधा थांबतं. नाही थांबलं तर पाणी उतरवून दांड्याभोवती टेफ्लॉनची दोरी करून भरावी लागते. न फिरणाऱ्याशी ताकद लावू नये, पितळ मऊ असतं, दांडाच हातात येतो. वाटणी झाल्यावर कुठे शिट्टीसारखा किंवा वाळू सरकल्यासारखा आवाज येत असेल तर पंप गरजेपेक्षा जोरात ढकलतोय. त्याची गती एक पायरी उतरवावी. आधीच ती सगळ्यांत वर चढवून ठेवलेली असते, कारण मागे पाणी जात नाही म्हटल्यावर कुणीतरी तेच केलेलं असतं. आणि ज्या जुन्या घरांत नळ एकच असतो, एका रेडिएटरचं निवलेलं पाणी त्याच नळाने पुढच्याकडे जातं, तिथे हा सगळा हिशोब लागू होत नाही. तिथे शेवटच्या खोलीला मोठा रेडिएटर लावणं हा नेहमीचा मार्ग.

वाटणी करूनही काही खोल्या गारच राहतात, हे मान्य करावं लागतं. उत्तरेची भिंत, एकेरी काच, दाराखालची फट, किंवा मुळात खोलीच्या मानाने लहान रेडिएटर. या नळ्या आवळून भरून निघणाऱ्या उणिवा नव्हेत. वाडीत सुरूच्या बाजूच्या शेवटच्या पोफळींना पाणी व्यवस्थित मिळालं तरी नैर्ऋत्येचं उतरतं ऊन त्यांच्या कोवळ्या बुंध्याला भाजतं, साल काळवंडते, खोड चिरतं. तिथे आणखी पाणी देऊन चालत नाही, केळ लावून सावली करावी लागते किंवा बुंध्याला झावळ बांधावी लागते. इथली घरंही तशीच वागतात: चिऱ्याच्या भिंतींच्या मधलं, कौलाखालचं माजघर एप्रिलमध्येही निवलेलं, आणि पश्चिमेला नव्याने काढलेली स्लॅबची खोली रात्री बारापर्यंत तापलेली. पंखा कितीही फिरवला तरी त्या खोलीतली माणसं शेवटी चटया उचलून माजघरात येतात. पाण्याचा दोष कुठला आणि भिंतीचा कुठला, हे ओळखायचं साधन मात्र सोपं आहे. रेडिएटर आत-बाहेर नीट गरम आहे आणि तरी खोली गार, तर भिंत. रेडिएटरच कोमट, तर पाणी.

काकूंच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली, ती सांगायलाच हवी. ही लेक लहान असताना शिंपण्याच्या दिवशी तिचं काम ठरलेलं होतं. सुरूजवळच्या शेवटच्या आळ्याशी जाऊन उभं राहायचं, आणि पाटाची जीभ पोचली की ओरडायचं, "आलंऽऽ!" विहिरीपाशी काका ते ऐकून मोजायचे, किती वेळ लागला, आणि त्यावरून पुढच्या खेपेला कुठलं तोंड किती ठेवायचं ते ठरवायचे. पाय डासांनी फुटायचे म्हणून ती रडायची, तरी जायची. घड्याळ नाही, तापमापक नाही. आवाज आणि अंतर एवढीच मापं. आता त्या शेजारच्या दोन-तीन वाड्यांत ठिबक आलं आहे, दाब सावरणाऱ्या तोट्या आल्या आहेत, ज्या पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला तेवढंच पाणी देतात. पाणी वाचतं, माणूस वाचतो, ते चांगलंच आहे. काकांनीही पुढच्या वर्षी करायचं ठरवलं आहे. पाट मोडायचा म्हटलं की मात्र ते जरा गप्प होतात.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा ती विषय विसरली नव्हती. आठवडाभर काहीतरी टोचत राहिलं असावं. तिने शनिवारी सकाळी ते सगळं करून पाहिलं होतं. कागद कॅमेऱ्यासमोर धरला: हॉल पाव फेरा. टॉवेलचा रॅक पावाहूनही कमी. स्वयंपाकघर पाव. बैठकीची खोली अर्धा. पुढची झोपायची खोली पाऊण. पिल्लाची खोली पूर्ण उघडा. थर्मोस्टॅट २० वर. हॉलमध्ये २०, पिल्लाच्या खोलीत साडेअठरा. अजून खिडकीच्या फटीला पट्टी लावायची राहिली होती. तो कागद बॉयलरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवणार असं म्हणाली, पुढचा रंगारी येईल तेव्हा दिसावा म्हणून. काकांनी चष्मा लावून कागद वाचला, ओळीओळीवर बोट ठेवत.

"शेवटच्या खोलीत पोचायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं, बाबा. आधी दीड तास लागायचा."

"तू उभी होतीस तिथे?"

"हो. नळाला हात लावून."

काका काही बोलले नाहीत. फोन काकूंकडे दिला, फावडं खांद्यावर घेतलं, आणि पाटाच्या कडेकडेने सुरूच्या बाजूला चालू लागले. तिकडे उभं राहून सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे पाणी पोचलं का ते त्यांना जाऊनच बघावं लागणार होतं.